एफएमजीईसाठी क्यूबँक निवडताना आधी चुकीच्या पर्यायांचं स्पष्टीकरण वाचा

तिसरी क्यूबँक, म्हणजे अ‍ॅपवरचा सराव-प्रश्नांचा संच, घेऊ नका. हे आधीच सांगून टाकतो. तुमच्याकडे आहेत त्या दोनांपैकी एक ठेवा, ती पूर्ण करा आणि दुसरीचे फक्त मॉक (पूर्ण सराव परीक्षा) वापरा. कोणती ठेवायची, हे मी नाव घेऊन सांगणार नाही, कारण ते एका संध्याकाळी तुमचं तुम्हालाच तपासता येतं. ते कसं तपासायचं, तेच इथे लिहितोय.

तुम्ही कळवलंय ते असं: परदेशातून डॉक्टरी पूर्ण केली, अशा डॉक्टरांना भारतात प्रॅक्टिससाठी पास व्हावी लागणारी एफएमजीई दोनदा दिली, पहिल्यांदा १२८ आले, दुसऱ्यांदा १४३. दोन अ‍ॅपचं सबस्क्रिप्शन चालू आहे आणि दोन्ही निम्मी-निम्मी सोडवून झालीत. पुढच्या परीक्षेला साडेचार महिने आहेत. मैत्रीण पास झाली ती तिसऱ्याच क्यूबँकवर, म्हणून ती घ्यावी का, असा एक प्रश्न. आणि टेलिग्रामवर फिरणाऱ्या जुन्या प्रश्नांच्या पीडीएफवर किती भरवसा ठेवावा, हा दुसरा.

मी स्वतः हीच परीक्षा देऊन आलोय आणि गेली बरीच वर्षं दवाखाना सांभाळून संध्याकाळी एफएमजीई देणाऱ्यांना शिकवतोय. एकशे चाळिशीत अडकलेले विद्यार्थी मला दर वेळी भेटतात. त्यांची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते, कारण अभ्यास कमी पडलाय असं समजून ते नवीन साहित्य गोळा करत सुटतात. १२८ वरून १४३ वर येणं म्हणजे विषय डोक्यात उतरलाय. राहिलेत सात मार्क. हे सात मार्क न पाहिलेल्या प्रश्नांत सापडत नाहीत, तुम्ही सोडवून चुकवलेल्या आणि पुन्हा न उघडलेल्या प्रश्नांत ते पडून असतात.

क्यूबँक पारखण्याआधी परीक्षेकडे नीट बघू. एफएमजीईत ३०० प्रश्न असतात, १५०-१५० चे दोन भाग, प्रत्येक भागाला अडीच तास. म्हणजे एका प्रश्नाला एक मिनिट. निगेटिव्ह मार्किंग नाही. ३०० पैकी १५० मिळाले की पास, आणि १५० मिळवणारा आणि २२० मिळवणारा दोघेही सारखेच पास. इथे रँक नाही. उलट बाजारातल्या बहुतेक मोठ्या क्यूबँका नीट पीजी (एमडी-एमएसची प्रवेश परीक्षा) डोळ्यांपुढे ठेवून बांधलेल्या आहेत. नीट पीजीत २०० प्रश्न, बरोबरला ४ मार्क, चुकीला १ वजा, आणि सगळा खेळ रँकचा. रँक पाडायची तर वरच्या मुलांनाही चकवणारे प्रश्न घालावे लागतात. तुम्ही तेच प्रश्न सोडवता, पन्नास टक्के येतात, खाली अ‍ॅप दाखवतं की बाकीचे तुमच्या पुढे आहेत, आणि तुम्ही खचता. ती तुलना तुमची नाहीच. त्यामुळे पहिली गोष्ट बघायची ती ही, की क्यूबँकेत एफएमजीईसाठी प्रश्न वेगळे काढलेत का, किंवा निदान अवघडपणानुसार गाळणी लावता येते का. येत नसेल तर त्या बँकेत तुमचा वेळ अशा प्रश्नांवर जाईल जे तुम्हाला कधी विचारलेच जाणार नाहीत.

दुसरं, विषयांचं वजन. हा तक्ता एकदा कागदावर उतरवून अभ्यासाच्या टेबलासमोर चिकटवा. अ‍ॅनाटॉमी, फिजिओलॉजी, बायोकेमिस्ट्री प्रत्येकी १७, पॅथॉलॉजी, मायक्रोबायोलॉजी, फार्माकॉलॉजी प्रत्येकी १३, फॉरेन्सिक १०. हे झाले १०० मार्क. उरलेल्या २०० मध्ये मेडिसिन ३३, सर्जरी ३२, ओबीजी (प्रसूती-स्त्रीरोग) ३०, पीएसएम (सामाजिक आणि प्रतिबंधक वैद्यक) ३०, बालरोग, डोळे आणि ईएनटी प्रत्येकी १५, आणि सायकियाट्री, स्किन, रेडिओथेरपी, अ‍ॅनेस्थेशिया, ऑर्थो, रेडिओलॉजी प्रत्येकी ५. आता तुमच्या अ‍ॅपमध्ये जाऊन बघा, आजवर कोणत्या विषयाचे किती प्रश्न सोडवलेत. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांचा हिशेब उलटा निघतो. अ‍ॅनाटॉमी यादीत पहिली म्हणून ती दोन-दोनदा झालेली असते आणि पीएसएम शेवटच्या पंधरवड्यावर ढकललेलं असतं. एकट्या पीएसएमला ३० मार्क आहेत. डोळे, ईएनटी आणि बालरोग मिळून ४५ होतात, म्हणजे मेडिसिनपेक्षा बारा जास्त, आणि डोळे-ईएनटी हे तर मेडिसिनच्या मानाने आटोपशीर विषय. क्यूबँकेत एकूण किती हजार प्रश्न आहेत हा आकडा जाहिरातीत ठळक असतो, पण तुमच्या कामाचा आकडा वेगळा: पीएसएम, ओबीजी आणि या तीन छोट्या विषयांत बँक किती भरीव आहे.

आता मुख्य मुद्दा, स्पष्टीकरणाचा. मी क्यूबँक बघतो तेव्हा प्रश्न नंतर वाचतो, आधी चुकीच्या पर्यायांखाली काय लिहिलंय ते वाचतो. एक उदाहरण घेऊ.

५८ वर्षांचा पुरुष, दोन तासांपासून छातीत दुखतंय, घाम. रक्तदाब ८४/६०, मानेच्या शिरा फुगलेल्या, फुप्फुसं दोन्ही बाजूंनी स्वच्छ. ईसीजीत लीड २, ३, एव्हीएफमध्ये एसटी वर, उजव्या बाजूच्या व्ही४ मध्येही वर. रक्तदाब सावरायला आत्ता लगेच काय द्याल? पर्याय: नायट्रोग्लिसरीन, नॉर्मल सलाईन, फ्युरोसेमाइड, मॉर्फिन.

उत्तर सलाईन. एका बँकेत याखाली दोन ओळी असतील: उजव्या व्हेंट्रिकलचं इन्फार्क्शन, प्रीलोडवर (हृदयात परत येणाऱ्या रक्तावर) अवलंबून, म्हणून फ्लुइड, आणि खाली मोठ्या पुस्तकाचं नाव. चूक काहीच नाही त्यात. पण ज्याने फ्युरोसेमाइडवर खूण केली होती, त्याला आपण कुठे घसरलो हे कळत नाही. त्याने फुगलेल्या शिरा बघितल्या आणि अंगात पाणी जास्त झालंय असं धरलं. चांगली बँक नेमकं तिथे बोट ठेवते: शिरा फुगल्यात पण फुप्फुसं स्वच्छ आहेत, म्हणजे रक्त उजव्या व्हेंट्रिकलच्या मागे तुंबलंय, पुढे जातच नाहीये. फ्युरोसेमाइडने उरलासुरला प्रीलोडही जाईल. नायट्रोग्लिसरीनने शिरा सैल पडतील आणि रक्तदाब कोसळेल. मॉर्फिननेही तोच धोका. आणि मग ती एक पाऊल पुढे जाते: याच रुग्णाचा उजव्या बाजूचा व्ही४ नॉर्मल असता, फुप्फुसांत क्रेप्स (पाणी साठल्याचे आवाज) असत्या आणि रक्तदाब १६०/१०० असता, तर नायट्रोग्लिसरीन आणि फ्युरोसेमाइड दोन्ही योग्य ठरली असती.

प्रश्नातला कोणता शब्द बदलला असता तर दुसरा पर्याय बरोबर ठरला असता, हे जी बँक सांगते ती ठेवा. कारण परीक्षेत तोच प्रश्न येत नाही, शब्द बदललेला येतो. असं स्पष्टीकरण वाचलंत तर एका प्रश्नात चार प्रश्नांची तयारी होते. मग दहा हजार प्रश्न पुरे होतात की नाही, ही काळजीच उरत नाही.

आणि याचा तुमच्या सात मार्कांशी सरळ संबंध आहे. हिशेब करून बघा. निगेटिव्ह नसल्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही, हे तुम्हाला ठाऊकच आहे. समजा ३०० पैकी ४० प्रश्न असे आले की उत्तर अजिबात माहीत नाही. चार पर्यायांत डोळे मिटून खूण केली तर सरासरी दहा बरोबर येतील. पण त्याच चाळिसांत दोन-दोन पर्याय खात्रीने खोडता आले, तर सरासरी वीस येतील. दहा मार्कांचा फरक, एकही नवीन विषय न वाचता. पर्याय खोडण्याची ही ताकद चुकीच्या पर्यायांची स्पष्टीकरणं वाचूनच येते. बरोबर उत्तर पाठ करून ती येत नाही.

स्पष्टीकरण तपासताना दोन विषय निवडा: एक तुम्हाला सगळ्यात चांगला येणारा, एक सगळ्यात कच्चा. प्रत्येकी वीस प्रश्न, दोन्ही अ‍ॅपवर. चांगल्या येणाऱ्या विषयात बँकेच्या चुका तुम्हाला दिसतील. कच्च्या विषयात दिसेल की ती तुम्हाला शिकवू शकते की नाही. विषय बँकेगणिक बदलू नका, नाहीतर तुलनेला अर्थ राहणार नाही.

मग बघायचा तो ताजेपणा. ही तपासणी पंधरा मिनिटांची आहे आणि फार बोलकी आहे. फॉरेन्सिक उघडा. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली. खुनाची शिक्षा कलम ३०२ ऐवजी १०३ मध्ये गेली, हुंडाबळी ३०४-बी ऐवजी ८० मध्ये. निष्काळजीपणामुळे मृत्यू, ज्यात डॉक्टरही अडकू शकतो, ते ३०४-ए जाऊन १०६ आलं. पोलिसांचा इन्क्वेस्ट (संशयास्पद मृत्यूची चौकशी) पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १७४ खाली व्हायचा, आता नागरिक सुरक्षा संहितेच्या १९४ खाली होतो. मृत्युपूर्व जबानी साक्ष कायद्याच्या ३२ मध्ये होती, आता साक्ष अधिनियमाच्या २६ मध्ये आहे. तुमच्या बँकेत या प्रश्नांची उत्तरं अजून जुन्या कलमांवरच असतील, तर त्या बँकेकडे कोणी लक्ष देत नाहीये. जुनं आणि नवं कलम शेजारी-शेजारी दिलं असेल तर उत्तम.

तिथून पीएसएममध्ये जा आणि क्षयरोग शोधा. क्षयरोगाच्या राष्ट्रीय कार्यक्रमाचं, आरएनटीसीपीचं, नाव २०२० साली एनटीईपी झालं. आठवड्यातून तीनदा औषध देण्याची पद्धत २०१७ साली संपून रोजचा डोस आला, आणि आधी उपचार घेतलेल्यांसाठी स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शनं असलेली कॅटेगरी दोन बंद झाली. औषधांना दाद देणारा क्षयरोग असेल तर रुग्ण नवा असो की आधी उपचार घेतलेला, दोन महिने चार औषधं आणि पुढे चार महिने तीन औषधं. एका विद्यार्थिनीचे पेपर तपासत बसलो होतो. तिने सलग तीन मॉकमध्ये कॅटेगरी दोनवर खूण केली होती. मी विचारलं, हे कुठून वाचलंस? तिने एक हाताळून मऊ पडलेलं, कुणाकडून तरी आलेलं प्रश्नांचं पुस्तक काढून दाखवलं. पान उघडलं तर उत्तराखाली तिने स्वतः लाल पेनाने दोनदा रेघ मारली होती. ते पान तिने मन लावून पाठ केलं होतं. मला ते बघून फार वाईट वाटलं, कारण मेहनत खरी होती आणि माहिती शिळी.

आणखी दोन-तीन ठिकाणी बोट लावून बघा. लसीकरणाच्या तक्त्यात आयपीव्हीचा (पोलिओच्या इंजेक्शनच्या लसीचा) तिसरा डोस नवव्या महिन्यात दाखवलाय का? तो जानेवारी २०२३ पासून आलाय. गर्भपाताच्या कायद्यात २०२१ ची दुरुस्ती आहे का, म्हणजे २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत आणि ठरावीक गटांतल्या स्त्रियांसाठी २० ते २४ आठवड्यांत दोघांचं? गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचं स्टेजिंग २०१८ चं आहे का, ज्यात आयबी३ आणि ३सी नव्याने आले? मानसिक आरोग्याचा कायदा २०१७ चा आहे की १९८७ चा? ज्या बँकेत हे सगळं जागच्या जागी सापडतं, तिच्यामागे कुणीतरी डॉक्टर बसून काम करतोय असं समजायला हरकत नाही. एखादी चूक दिसली तर अ‍ॅपमधून कळवा आणि आठवड्याने पुन्हा तोच प्रश्न उघडा. दुरुस्त झालेला असला तर त्या बँकेचा माझ्या मनातला दर्जा वाढतो.

दोन्ही बँका इतर बाबतीत बऱ्या पण एकीचं फॉरेन्सिक-पीएसएम जुनं, असं निघालं तर त्या दोन विषयांपुरती दुसरी वापरा. ४० मार्क आहेत त्यात. तेवढा एक अपवाद करायला हरकत नाही.

चित्रांचे प्रश्न. एक्स-रे, ईसीजी, फंडस (डोळ्याच्या आतल्या पडद्याचं चित्र), स्लाइड, शस्त्रक्रियेची उपकरणं, त्वचेवरचं पुरळ. इथे मी विद्यार्थ्यांना एक युक्ती शिकवतो: चित्रावर हात ठेवा आणि फक्त मजकूर वाचून उत्तर द्या. दहापैकी आठ-नऊ प्रश्न असे सुटले तर ती चित्रं शोभेची आहेत, त्या प्रश्नांनी तुमची नजर तयार होणार नाही. चांगल्या प्रश्नात चित्र बघितल्याशिवाय उत्तर देताच येत नाही. आणि हे प्रश्न फोनवर सोडवू नका. परीक्षा संगणकासमोर बसून द्यायची आहे. बसमध्ये, झोपण्याआधी अंथरुणात, फोनच्या छोट्या स्क्रीनवर बोटांनी मोठं करून बघितलेला फंडस परीक्षेच्या पडद्यावर वेगळाच वाटतो.

एकच संकल्पना बँक किती तोंडांनी विचारते, तेही पाहा. पीएसएममधला स्क्रीनिंगचा धडा घ्या. पॉझिटिव्ह प्रेडिक्टिव्ह व्हॅल्यूची व्याख्या विचारणारा प्रश्न सगळीकडे असतो. पण बँक आकडे देऊन विचारते का? सेन्सिटिव्हिटी (आजारी ओळखण्याचं प्रमाण) ९० टक्के, स्पेसिफिसिटी (निरोगी ओळखण्याचं प्रमाण) ९० टक्के, हजार माणसं, आजार दर दहांत एकाला. १०० आजारी, त्यातले ९० पॉझिटिव्ह. ९०० निरोगी, त्यातलेही ९० चुकून पॉझिटिव्ह. म्हणजे पॉझिटिव्ह आलेल्यांत खरे आजारी निम्मे. आता तीच चाचणी अशा गावात करा जिथे आजार शंभरात एकाला आहे. १० आजारी, त्यातले ९ पॉझिटिव्ह. ९९० निरोगी, त्यातले ९९ पॉझिटिव्ह. १०८ मध्ये ९, म्हणजे साधारण आठ टक्के. चाचणी तीच, किट तेच, फक्त आजाराचं प्रमाण बदललं. हे दोन प्रश्न ज्याने स्वतः पेनाने सोडवले त्याला या धड्यावरचं काहीही विचारा, तो चुकत नाही. व्याख्या पाठ केलेला मात्र आकडे दिसले की गडबडतो.

आता तुमचा दुसरा प्रश्न, जुन्या प्रश्नांच्या पीडीएफचा. परीक्षा घेणारं राष्ट्रीय परीक्षा मंडळ, म्हणजे एनबीईएमएस, प्रश्नपत्रिका प्रसिद्ध करत नाही, आणि प्रश्न बाहेर सांगणार नाही असं परीक्षार्थीकडून मान्य करून घेतलेलं असतं. त्यामुळे बाजारात ‘पीवायक्यू’ (मागच्या वर्षांचे प्रश्न) म्हणून जे काही फिरतं, ते परीक्षा देऊन बाहेर आलेल्या मुलांच्या आठवणीतून जमवलेलं असतं. पाच तास पेपर सोडवून दमलेल्या मुलाला विषय आठवतो, पण पर्याय नीट आठवत नाहीत. प्रश्नात ‘सोडून’ होतं की ‘सर्वात जास्त शक्यता’, हेही आठवत नाही. मी एकाच परीक्षेतला एकच प्रश्न तीन पीडीएफमध्ये तीन वेगळ्या उत्तरांसह पाहिलाय. म्हणून त्यांचा उपयोग एवढाच: कोणते विषय वारंवार येतात ते बघा, त्या विषयावर तुमच्या क्यूबँकेतले प्रश्न सोडवा. उत्तर पीडीएफमधून घेऊ नका. आणि येणाऱ्या परीक्षेचे प्रश्न आधीच देतो म्हणणाऱ्या चॅनेलपासून लांब राहा. पैसे जातात, आणि अशा भानगडीत नाव आलं तर सगळी कारकीर्द पणाला लागते. मंडळाने स्वतः अशा चॅनेलबद्दल सावध केलेलं आहे. चोरून मिळवलेल्या क्यूबँकेबद्दलही माझं मत स्वच्छ आहे: ती जिथे कॉपी झाली त्या दिवशी थांबलेली असते, दुरुस्त्या तिच्यात येत नाहीत, आणि तुमच्या चुकांची नोंद तिच्यात राहत नाही. ती नोंद तर तुम्हाला सगळ्यात जास्त हवी आहे.

मैत्रिणीबद्दल. ती त्या बँकेवर पास झाली हे खरं, पण विचारून बघा, तिने ती किती वेळा सोडवली. मला जवळजवळ खात्री आहे की उत्तर दोनदा असं येईल.

क्यूबँक ठरली की वापरायची कशी, तेही थोडक्यात सांगतो, कारण चुकीच्या वापराने चांगली बँकही वाया जाते. पहिल्या फेरीत विषयवार, दर प्रश्नानंतर स्पष्टीकरण वाचत जा. एखाद्या धड्यात चाळीस टक्क्यांच्या खाली राहिलात तर प्रश्न थांबवा, नोट्स वाचा, मग परत या. दुसरी फेरी फक्त चुकलेल्या आणि नुसत्या अंदाजाने बरोबर आलेल्या प्रश्नांची, घड्याळ लावून, विषय मिसळून. अंदाजाने बरोबर आलेल्यांवर खूण करायला विसरू नका. अ‍ॅप त्यांना बरोबर धरतं आणि ते पुन्हा समोर येत नाहीत.

दुसऱ्या फेरीत ऐंशी टक्के आले की मुलं खूश होतात. त्यातला काही भाग निव्वळ ओळखीचा असतो: प्रश्नाची पहिली ओळ दिसली की उत्तर आठवतं. म्हणून पर्यायांवर पांढरा कागद ठेवा, प्रश्न वाचा, उत्तर तोंडाने म्हणा आणि मग कागद काढा. पहिले दोन दिवस चिडचिड होईल, वेग निम्म्यावर येईल. तो येऊ द्या.

चुकांची वही ठेवा, साधी शंभर पानी. प्रत्येक चुकीपुढे एकच अक्षर: ‘न’ म्हणजे माहीतच नव्हतं, ‘व’ म्हणजे वाचताना चुकलं, ‘द’ म्हणजे दोनांत अडकलो आणि चुकीचा घेतला. एका मुलाने पंधरा दिवस हे केलं आणि वही आणून दाखवली. पानांवर ‘व’ची रांग लागलेली. ‘सोडून’ न दिसणं, वय न वाचणं, गरोदर आहे हा शब्द नजरेतून निसटणं. तो तोवर रोज चार तास नवीन व्हिडिओ बघत होता! त्याला व्हिडिओची गरज नव्हती. प्रश्नातली शेवटची ओळ आधी वाचायची, एवढी सवय लावायची होती. ‘न’ जास्त असतील तर वाचन वाढवा, ‘द’ जास्त असतील तर त्या दोन पर्यायांतला फरक एका ओळीत लिहून ठेवा. ‘द’वाल्या ओळी शेवटच्या आठवड्यात वाचायला सोन्यासारख्या असतात.

मॉक तुमच्या दुसऱ्या सबस्क्रिप्शनमधून द्या, आणि ते मुद्दाम. रोज ज्या बँकेतले प्रश्न सोडवता तिचेच मॉक दिले तर भाषा ओळखीची असते आणि मार्क फुगतात. दुसऱ्याच्या भाषेत प्रश्न आला की खरा आकडा कळतो. मॉक पूर्ण द्या: सकाळी १५०, मध्ये जेवण, दुपारी १५०, फोन दुसऱ्या खोलीत. पहिला आजच्या घडीला द्या, तयारी झालेली नसली तरी. मग महिन्याला एक, आणि शेवटच्या सहा आठवड्यांत दर आठवड्याला एक. एका मॉकच्या विश्लेषणाला दोन दिवस लागले तर ते दिवस वाया गेले असं समजू नका. मॉकमध्ये सलग तीनदा १६५ च्या वर आलात तर परीक्षेच्या दिवशी थोडं कमी-जास्त झालं तरी तुम्ही सुरक्षित आहात, असं मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगतो. १५२, १५४ असे आकडे येत असतील तर विषयांच्या तक्त्याकडे परत जा आणि ३०, १५ मार्कांच्या विषयांत कुठे गळती आहे ते शोधा.

सबस्क्रिप्शनच्या मुदतीचं एक बघून घ्या. जी बँक ठेवाल तिची मुदत परीक्षेच्या आदल्या दिवसापर्यंत हवी. शेवटच्या पंधरवड्यात चुकलेले प्रश्न उघडायला गेलात आणि अ‍ॅप बंद दिसलं, असं व्हायला नको. दुसरीची मुदत संपत असेल तर आत्ता वाढवू नका. सहा आठवडे उरले की फक्त मॉकपुरती घ्या, बऱ्याच ठिकाणी टेस्ट सिरीज वेगळी मिळते.

या शनिवारी दोन्ही अ‍ॅप लॅपटॉपवर उघडा. फॉरेन्सिकची कलमं, क्षयरोग, स्क्रीनिंगचा धडा, चित्रांचे दहा प्रश्न, आणि तुमच्या दोन विषयांतले वीस-वीस. रविवारी पहिला मॉक द्या आणि विषयवार मार्क तक्त्याशेजारी लिहून मला पाठवा. कोणत्या विषयापासून सुरुवात करायची, ते आपण त्या आकड्यांवरून ठरवू.